सुधाताई सोशीक नव्हती

निखिलचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. "मामी, आई गेली," एवढं तो नीट बोलला. मग म्हणाला, "शांत गेली. कोणाला कसला त्रास दिला नाही. एवढं सोसलं, पण तोंडातून हूं की चूं नाही." नणंद गेल्याचं ऐकून माणसाला रडू यावं. मलाही आलं, पण ते नंतर. खरं सांगते, आधी आला तो राग. हूं की चूं नाही? पुसदच्या ज्या खोलीत ती कित्येक महिने पडून होती, त्या खोलीतलं तिचं ओरडणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू तेवढ्यापुरता टीव्हीचा आवाज वाढवायचे. मणक्यापर्यंत पोचलेला कर्करोग होता तो. तिनं दुखतं म्हणून सांगितलं, दिलेलं औषध पुरत नाही म्हणून सांगितलं, नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर "एक दिवस माझ्या पलंगावर येऊन झोपा, मग गोळी ठरवा" असंही सांगितलं, आणि शेवटी पुरेसं औषध मिळवलं. शेवटचे दिवस शांत गेले ते त्या औषधानं, आणि औषध मिळालं ते तिच्या आरडाओरड्यानं. पोराला हे सगळं माहीत होतं. त्यानंच तर धावपळ केली होती. तरी आई गेल्याबरोबर त्याच्या तोंडी पहिलं वाक्य आलं ते हे.

तेरवीला आम्ही यवतमाळहून पुसदला गेलो तर चौकातच फ्लेक्स लागलेला. चष्म्यातली, कपाळाला आठी घातलेली सुधाताई, खाली फुलांची नक्षी, आणि मोठ्या अक्षरात 'सोशीक, शांत व प्रेमळ सुधाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली'. तिच्या माजी विद्यार्थिनींनी हौसेनं लावलेला होता, त्यांना काय बोलणार. पण ज्या मुलींना तिनं इतकी वर्षं भूगोल शिकवला, वर्गात कुजबुज झाली तर खडू फेकून मारला, त्या मुलींना ती शांत कधी वाटली असेल? तिन्हींतला प्रेमळ हा शब्द खरा. शांत हा शब्द विनोदी. आणि सोशीक हा शब्द तिच्या फोटोखाली लिहिणं म्हणजे तिचा अपमान आहे. त्या एका शब्दाशी ती सगळा जन्म भांडली. ती गेल्यावर तेरा दिवसही धीर धरवला नाही कोणाला, लगेच तिला त्याच शब्दात नेऊन बसवलं. म्हणून हे लिहायला बसले आहे. पुरवणीत स्मृतिलेख गोड लिहायचा असतो हे मला माहीत आहे. हा तसा होणार नाही.

नात्यानं मी तिच्या मोठ्या भावाची बायको, म्हणून ती मला वहिनी म्हणायची. वयानं ती माझ्याहून थोडी मोठी, शिवाय नणंद, म्हणून मी तिला ताई. माझं लग्न होऊन मी राळेगावला सासरी आले तेव्हा माझ्या हातातला हिरवा चुडा अजून नवा होता आणि सुधाताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. सासरे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, घरात शिस्त, आणि माहेरवाशिणीच्या बाबतीत सासूबाईंचा नियम असा की लेक माहेरी आली की तिनं पडून राहायचं. लेकीला कामाला लावलं असं कोणी म्हणता कामा नये. पुढच्या खोलीत दिवाण होता, त्यावर गादी, गादीवर दुसरी गादी, पाठीशी लोड आणि उशा. त्यात सुधाताईला दिवसभर रेलून बसवायचे. खाऊ घालायचे, लाड करायचे, पाय चेपायचे. प्रेम होतं ते, त्यात खोट नव्हती. फक्त त्या बाईची पाठ फाटत होती.

नववा महिना लागला तशी पाठीतली ठणक वाढत गेली. कमरेच्या खाली, मागे, अगदी बसायच्या हाडावर. "कोनी तिथं पाटा ठेवून वाटून राह्यलं असं वाटते," ती म्हणायची. दिवाणावर रेललं की जास्त, उताणं झोपलं की त्याहून जास्त. एकदा सकाळी स्वयंपाकघरात दूध सांडलं. मी फडकं आणायला गेले तेवढ्यात तिनंच कोपऱ्यातलं फडकं ओढलं, खाली गुडघ्यांवर आणि तळहातांवर टेकली आणि फरशी पुसू लागली. पुसता पुसता थांबली. पोट खाली झुकलेलं, पाठ मोकळी. माझ्याकडे मान वर करून बघितलं तर चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं हसू. "वहिनी… दुखत नाही वं." सगळं दूध पुसून झालं तरी ती पुसतच राहिली, कोरडी फरशी. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी कपाळाला हात लावला, तिच्या हातातलं फडकं हिसकलं आणि मलाच बोलल्या, "माहेरी आलेली पोरगी फरशी पुसून राह्यली अन् तू पाह्यत उभी आहेस? मागच्या दारानं कोनी पाह्यलं तर काय म्हणतील लोक?" सुधाताई सांगत होती की आई, मला यानं बरं वाटतं. तिला आम्ही दोघींनी धरून उठवलं आणि पुन्हा उशांत नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशीपासून फडकं उंच खुंटीवर टांगलं गेलं. त्या घरात माझ्या सासूबाई दुष्ट होत्या असं नाही. लेकीच्या अंगाला सुख मिळण्यापेक्षा शेजाऱ्यांना ती सुखात दिसणं जास्त महत्त्वाचं होतं, एवढंच. आजही मला ते फडकं आठवलं की चीड येते.

आणि मग तो दिवस. सकाळपासून कळा सुरू झाल्या, पण पोटात नाही, पाठीत. दवाखान्यात नेलं. गावातलाच खासगी, आता तो तिथं नाही. तिथल्या नर्सबाईंनी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "पोट दुखते का पाठ?" सुधाताई म्हणाली, पाठ. बाई बाकीच्यांकडे बघून हसल्या. "पाठीतून कोनी बाळंत होते का वं?" आणि आम्हाला घरी पाठवलं. गुरांच्या दवाखान्यातूनसुद्धा जनावराला असं परत पाठवत नसतील. दुपारी परत नेलं तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. टेबलावर उताणी झोपवली, हलू नको म्हणून दटावलं. ती सांगत होती, मला कुशीवर होऊ द्या, मला खाली गुडघ्यावर बसू द्या, आणि प्रत्येक वेळी तिला खांद्याला धरून परत पाठीवर पाडत होते. मी नवी नवरी, सगळ्यांत निरुपयोगी म्हणून मला तिच्या उशाशी उभं केलं होतं. तिनं माझं मनगट धरलं. कळ आली की पिळायची. माझ्या चुड्यातल्या हिरव्या बांगड्या तिच्या मुठीत फुटल्या, काच तिच्या तळव्यातही घुसली आणि माझ्या हातातही. ती ओरडत होती, असं ओरडणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. सासूबाई आत आल्या त्या खिडक्या लावायला. रस्त्यावर बाजार होता, लोकांना ऐकू जात होतं. खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं, आणि लेकीच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "सोस माय, सोस. बाईले सोसाच लागते." मग त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. "अवं माय! चुडा वाढला का तुहा?" आणि त्या खरोखर रडू लागल्या. लेक समोर तळमळत होती, ती सोडून माझ्या बांगड्यांसाठी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी. सुधाताईनं त्या कळेतही मान वळवून आईकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते.

शेवटी डॉक्टर आले, चिमटा लावून बाळ ओढून काढलं. निखिलच तो. बाळ उताणं होतं, म्हणजे आईच्या पाठीला पाठ लावून, तोंड वर करून आलं. डोक्याचा मागचा टणक भाग इतका वेळ तिच्या माकडहाडावर घासत होता. डॉक्टरांनी हात धुता धुता हे सहज सांगितलं, जणू गाडी उशिरा का आली ते सांगावं. ज्या बाई हसल्या होत्या त्या बाजूलाच उभ्या होत्या. त्या आता हसल्या नाहीत, पण "चुकलं" असंही म्हणाल्या नाहीत. कोणीच म्हणालं नाही. आणि मग या सगळ्याची झाली काय, तर गंमत. सुधाताईचे यजमान अरुणराव, माणूस वाईट नव्हता, आता तेही नाहीत, पण प्रत्येक लग्नात पंगत उठल्यावर पान लावता लावता सांगायचे, "आमच्या हिनं तर निखिलच्या वेळी अख्खं राळेगाव डोक्यावर घेतलं होतं! बाजारात लोकं वांगी सोडून उभे!" सगळे हसायचे. वर्षानुवर्षं हसले. त्या दिवशी अरुणराव पुसदला होते, बारशाला उगवले, पण गोष्ट ते अशी सांगायचे की जणू खिडकीशीच उभे होते.

एका लग्नात मात्र सुधाताई उठली. बायकांच्या बाजूनं चालत पुरुषांच्या बाजूला आली आणि भर मांडवात म्हणाली, "अहो, सगळं सांगून राह्यले तर पूर्ण सांगा ना. मी पाठ दुखते म्हटलं तर मले घरी पाठवलं हे सांगा. मले उताणी दाबून धरलं हे सांगा. अन् पोरगा तुमचा उताणा होता हे सांगा. मी ओरडली म्हून डॉक्टर आला. नाहीतर आम्ही दोघंही नसतो आज, मी अन् हा." सनईवाल्यानंसुद्धा पिपाणी खाली ठेवली. अरुणरावांनी ती गोष्ट पुन्हा सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण त्या रात्रीपासून नात्यागोत्यात बायका म्हणायला लागल्या, सुधा फटकळ आहे. म्हणजे बघा, बाई ओरडली तर गंमत, आणि का ओरडली ते सांगितलं तर फटकळ.

त्यानंतर तिला जणू परवानाच मिळाला. पुसदमध्ये कोणाच्या घरी बाई गरोदर आहे असं कळलं की सुधाताई जायची. ओळख असो नसो. चहा यायच्या आत विचारायची, "काहून वं, पाठ दुखते का तुही?" पोरगी आधी सासूकडे बघायची. मग हळूच मान हलवायची. मग सुधाताई सासूला धरायची. तिला रेलून ठेवू नका, फरशी पुसायची असेल तर पुसू द्या, उभी राहून खिडकीला धरून झुलते तर झुलू द्या, आणि ती दुखतं म्हणते तेव्हा दुखतं. हे तिचं सगळं शास्त्र. तज्ज्ञ वगैरे नव्हती ती, भूगोलाची शिक्षिका होती, आणि चुकायचीही. शेजारच्या एका सुनेला तिनं ठासून सांगितलं की बाळ पाठीला पाठ लावून बसलंय, आणि निघाला मूतखडा. पुढे कित्येक दिवस ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटली, "माहं चुकलं, खडा होता!" आणि तेव्हापासून आधी डॉक्टरकडे पाठवायची, कारण पाठदुखीमागे दुसरंही काही असतं. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं की अशी पुष्कळ बाळं कळा सुरू झाल्यावर आपली आपण वळतात, आणि गुडघ्यांवर बसून बाळ वळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पाठीला आराम पडतो हे मात्र खरं. मला वाटलं हे ऐकून ती हिरमुसेल. ती म्हणाली, "बाळाचं बाळ पाहून घेईल, वहिनी. मी बाळासाठी कुठं जाते? घरच्या लोकाइनं पोरीवर विश्वास ठेवला पायजे, मी त्याच्यासाठी जाते."

माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, डोहाळजेवणाला तिनं जे केलं ते आमच्या नात्यात अजून चवीनं सांगतात. हॉल घेतला होता, फुलांचा झोपाळा, फुलांचा धनुष्यबाण, फोटोवाला. फोटोवाला मुक्ताला म्हणत होता, ताई अजून मागे रेला, अजून, हां, हसा. मुक्ता घामाघूम. तिची पाठ महिनाभर दुखत होती, झोपाळ्याच्या मागच्या दांड्यावर रेलली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि प्रत्येक जण म्हणत होतं, काय गोड लाजते! मग ओटी भरली. मग दोन वाट्या झाकून आणल्या, पेढा की बर्फी. सगळ्या बायका वाट्यांवर झुकल्या. सुधाताई पुढे आली, पर्समधलं लाल पेन काढलं, तपासणीचं, निवृत्त झाली तरी पर्समध्ये असायचंच, आणि मुक्ताच्या ओटीतला नारळ उचलला. ओटीतला नारळ! माझ्या विहीणबाईंचा हात छातीवर गेला. सुधाताईनं त्या नारळावर लाल पेनानं दोन डोळे काढले, नाक काढलं, तोंड काढलं, आणि वर्गात पृथ्वीचा गोल धरावा तसा धरला. "पेढा का बर्फी हे सोडा. बाळाचं तोंड कुठं आहे ते विचारा. असं आईच्या पाठीकडं असलं तर बरं. हे असं पुढं वळलं, की हा मागचा कडक भाग तिच्या हाडावर येते. आता सांगा, हिनं या दांड्यावर रेलून हसायचं कसं?" फोटोवाल्यानं तेवढ्यातही एक फोटो काढला, आमच्या अल्बममधला तोच सगळ्यांत चांगला आहे. विहीणबाई कशाबशा म्हणाल्या, "ओटीतला नारळ असा काढत नाहीत हो ताई…" "घ्या, ठेवला परत," सुधाताई म्हणाली आणि तोंड मागे करून नारळ मुक्ताच्या मांडीवर ठेवला. मुक्ता झोपाळ्यावरून उतरली, खाली सतरंजीवर गुडघे टेकून बसली, झोपाळ्याच्या फळीवर हात ठेवून त्यावर डोकं टेकलं, आणि पुढचं सगळं डोहाळजेवण तिनं असंच केलं. भरजरी साडीत.

मुक्ताला कळा सुरू झाल्या तेव्हा सुधाताई पुसदहून मिळेल त्या एसटीनं यवतमाळला आली. कळा पाठीतच होत्या. दवाखाना नवा, डॉक्टरीण तरुण, पण आतल्या मदतनीस बाईंचं तेच. "झोपा, झोपून राहा, सगळ्यांनाच दुखते." सुधाताई सरळ डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता भांडण. पण ती भांडली नाही, हात जोडले तिनं. मी तिला कोणापुढे हात जोडताना पहिल्यांदा पाहिलं. "डॉक्टर, बाळाचे ठोके तुम्ही पाहा. काय वाटेल ते तपासा, तुम्ही सांगाल ते ऐकू. पण पोरीले तिच्या मनासारखं बसू द्या." डॉक्टरांनी ठोके पाहिले आणि म्हणाल्या, ठोके चांगले आहेत तोवर बसू द्या, काही हरकत नाही. इतकं सोपं होतं ते. इतक्या सोप्या वाक्यासाठी राळेगावात एक बाई दिवसभर किंचाळली होती.

मुक्ता पलंगाच्या उभ्या केलेल्या बाजूला मिठी मारून गुडघ्यांवर बसली. मी तिच्या कमरेखाली तळहाताची टाच रुतवून दाबत होते, सुधाताई पुढून तिचे हात धरून. मुक्ता मोठ्यांदा ओरडली आणि लगेच दचकून दाराकडे बघू लागली, जसं काही चुकलं. दार उघडं होतं. मदतनीस बाई ते लावायला उठल्या. "राहू द्या उघडं," सुधाताई म्हणाली. "ऐकू जाऊ द्या. ओरड वं मुक्ते, लाजू नको. कोनी हसलं तर मी आहे." मग मुक्ता अशी ओरडली की काय सांगू. मी रडत होते आणि दाबत होते.

बाळ काही वळलं नाही. दुपारनंतर ठोके कमी होऊ लागले आणि डॉक्टरांनी वेळेत सिझर केलं. मायलेकी दोघी सुखरूप. मुलगी झाली. आणि बाहेर आमच्याच नात्यातलं कोणीतरी हसत म्हणालं, "एवढी कसरत करून शेवटी सिझरच ना, सुधाताई!" तेव्हा मला इतका संताप आला की मी हातातली पिशवी खाली आपटली. सुधाताई मात्र बाकावर बसून होती, नुसती हातांकडे बघत. मुक्तानं तिचेही हात पिळून काढले होते. मग म्हणाली, "वहिनी, दिवसभरात तिले कोनी खोटं म्हटलं नाही, पाह्यलं का…" आणि रडू लागली. तिला रडताना पाहणं मला नवीन नव्हतं, पण हे रडणं वेगळं होतं. हे राळेगावचं होतं, इतक्या वर्षांनी निघालेलं. पुढे मुक्तानं तो लाल डोळ्यांचा नारळ फोडू दिला नाही. आत्यालाच देऊन टाकला. सुधाताईनं तो पुसदच्या खोलीत फडताळावर, शाळेतून निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पृथ्वीगोलाशेजारी ठेवला.

आजारपणात मी तिच्याकडे जाऊन राहायचे तेव्हा तो नारळ तिच्या डोळ्यांसमोर असायचा. खोलीचं दार ती लावू द्यायची नाही. पाहुणे आले की निखिल संकोचानं दार ओढून घ्यायला जायचा, आणि आतून आवाज यायचा, "उघड ते!" मग निखिल उघडायचा. बैठकीतल्या माणसांचा चहा हातात राहायचा. काही लोक त्यामुळे यायचे बंद झाले. तिला त्याचं काही वाटलं नाही. "ज्याले ऐकवत नाही त्यानं कायले यायचं?" एवढंच म्हणायची.

तर तेरवीचा दिवस. पंगती उठत होत्या. निखिलची बायको प्राची, तिचे दिवस भरत आलेले. माहेर फुलसावंगीचं, शेतीवाडीचं मोठं घर, खरं तर बाळंतपणाला तिकडे जायची होती, पण सासूच्या आजारपणात राहिली आणि नंतर राहूनच गेली. बायकांच्या खोलीत ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, एक हात मागे कमरेवर. मी विचारलं, "पाठ?" ती कसनुसं हसली. आठ दिवस झाले म्हणाली. डॉक्टरांना दाखवलंय, बाकी सगळं ठीक आहे, बाळाचं डोकं खाली आहे पण तोंड पुढं आहे, अजून वळेल म्हणाल्या. "घरात एवढं सगळं चालू, आता कोणाला सांगायचं मामी…" तिच्या शेजारी लांबच्या नात्यातल्या एक काकू जेवून सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी प्राचीच्या गुडघ्यावर थोपटलं. "सोसावं लागते पोरी. सासूसारखी सोशीक हो."

मी काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही राळेगावच्या बाजारात होता का हो तेव्हा? नाही ना? मग सुधाताई सोशीक होती हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांच्या उत्तरासाठी मी थांबले नाही. प्राचीला उठवलं आणि आत सुधाताईच्या खोलीत नेलं. पलंगावरची गादी काढून टाकलेली होती, नुसती फळी आणि कोपऱ्यात पणती. मी खाली सतरंजी टाकली. प्राची गुडघ्यांवर बसली, हात पलंगाच्या कडेवर ठेवले, डोकं हातांवर. पोट खाली झुकलं. मी तिच्या कमरेखाली तळहात रुतवला. फडताळावर पृथ्वीगोल होता, शेजारी नारळ. आता पार वाळून गोटा झालेला, लाल डोळे फिकट. तो हातात घेऊन हलवला की आत खुळखुळतो.

प्राची आधी कण्हली, दबकत, ओठ दातात धरून. बाहेर पाहुणे होते, भटजींची दक्षिणा चालली होती, तेरवीच्या घरात मोठा आवाज कोण काढतं? माझाही हात सवयीनं दाराकडे गेला. दाराला धरून मी क्षणभर उभी राहिले… आणि ते भिंतीला लागेपर्यंत सताड उघडलं.

"प्राची," मी म्हटलं, "मोठ्यानं."

"मामी, बाहेर सगळे आहेत…"

"म्हणूनच."

मग ती ओरडली. घर एकदम थांबलं. पंगतीत वाढणाऱ्याची बादली थांबली, भटजी थांबले. निखिल धावत दाराशी आला, पांढराफटक. "काय झालं? आईच्या खोलीतून…" त्याच्या मागे काकू, त्यांच्या मागे बाकीच्या बायका, सगळ्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न.

"काही नाही," मी म्हटलं. "तुझ्या बायकोची पाठ दुखते. बस इथं, आणि मी दाबते तसं दाब."

तो आत आला, आईच्या रिकाम्या पलंगाशी गुडघे टेकून बसला आणि त्यानं प्राचीच्या पाठीवर हात ठेवला. दार कोणी लावलं नाही.